सानियाची दुसरी सर्व्हिस

२००५ साली ज्याला त्याला टेनिसपटू सानिया मिर्झाच्या दुसऱ्या सर्व्हिसबद्दल मत होतं. कॉलेजच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, डेक्कन क्वीनच्या डब्यात. ज्यांनी उभ्या जन्मात रॅकेट हातात धरली नव्हती, तेही छातीठोकपणे सांगायचे की पोरीचा फोरहँड, म्हणजे उजव्या बाजूचा फटका, जबरदस्त आहे, पण दुसऱ्या सर्व्हिसचं काहीतरी करायलाच हवं. आणि पळण्याचंही. मी तेव्हा कॉलेजात होते आणि या वादात हिरिरीनं उतरायचे. वाद घालायला बाहेर जावंच लागायचं नाही. घरात काका होते.

त्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिला वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून खास थेट प्रवेश, मिळालं होतं. अठरा वर्षांची होती. सिंडी वॉटसन आणि पेट्रा मांदुला या दोघींना हरवून ती तिसऱ्या फेरीत गेली. ग्रँडस्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांच्या, एकेरीत तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय खेळाडू, बायकांमधली. त्याआधी आपल्याकडे सांगण्यासारखं काय होतं? १९९८ मध्ये निरुपमा वैद्यनाथननं मेलबर्नलाच पहिली फेरी जिंकली होती, बस्स. सानियासमोर तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्स आली. १-६, ४-६. सामना संपला आणि आमच्या घरात त्या दुसऱ्या सेटमधल्या चार गेमवरून जुंपली.

काकांचं म्हणणं, सेरेना सैल पडली. पहिला सेट खिशात टाकल्यावर मोठे खेळाडू जरा हात आखडतात, त्यात विशेष काही नाही. माझं म्हणणं, पोरीचे पाय पहिल्या सेटमध्ये लटपटत होते, ते दुसऱ्यात स्थिर झाले आणि मग तिनं सेरेनाला सर्व्हिस राखायला घाम गाळायला लावला. सेरेना पुढे ती स्पर्धाच जिंकली. त्याचा अर्थ काकांनी त्यांच्या बाजूनं लावला, मी माझ्या.

खरं तर आमचा वाद चार गेमचा नव्हताच, खेळायच्या पद्धतीचा होता. काका टेनिस बघत आले ते रामनाथन कृष्णन यांच्या काळापासून. १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षं कृष्णन विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेले, ते आकाशवाणीवर आणि वर्तमानपत्रात ज्यांनी अनुभवलं त्यांच्या मनात टेनिसची एक मूर्ती कायमची बसली. पुढे विजय अमृतराज, मग कृष्णन यांचा मुलगा रमेश. या सगळ्यांच्या हातात नजाकत होती. चेंडूला ते नुसती जागा दाखवायचे. समोरचा जो वेग आणील तोच वापरून त्याला कोर्टभर फिरवायचे, नेटजवळ येऊन हलकेच टपकवायचे. भारतीय माणूस टेनिस खेळतो तो असा, हे काकांच्या पिढीनं गृहीतच धरलं होतं. आणि ही हैदराबादची मुलगी बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, उभी राहून प्रत्येक चेंडूवर तुटून पडत होती. ‘अगं, टेनिस म्हणजे काय लाकडं फोडायची आहेत?’ काका म्हणायचे.

‘काका, तुमच्या रमेशची तर पहिली सर्व्हिससुद्धा हळू होती,’ असं मी एकदा ऐकवलं. त्यावर ते जराही न डगमगता म्हणाले, ‘होती ना. पण पुढचे चार फटके त्याला आधी दिसायचे. हिला पुढचा एकच दिसतो.’

त्यात तथ्य होतं आणि तरी ते मला पटत नव्हतं. आजही पटत नाही. कारण तो एक फटका काय होता ते नीट बघायला हवं.

सानियाचा फोरहँड टीव्हीवर संथ गतीनं दाखवायचे तेव्हा मी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसायचे. ती छाती जवळजवळ नेटकडे करून उभी असायची. रॅकेट मागे जाताना खांदा फारसा वळायचा नाही, म्हणजे पुस्तकी हिशोबानं तयारी अपुरीच. मग मनगट पाठीमागे लवायचं, इतकं की बघताना आपलंच दुखावं, आणि शेवटच्या क्षणी ते सपकन पुढे यायचं. चेंडू अंगाजवळ आला असो की हातभर लांब, तो नेटच्या पट्टीवरून जेमतेम जाऊन उलट्या कोपऱ्यात पडायचा. समोरची खेळाडू त्या दिशेनं पहिलं पाऊल टाकेपर्यंत चेंडू मागच्या जाहिरातीच्या फलकावर आदळलेला असायचा. मार्च २००५ मध्ये दुबईत तिनं स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हाला ६-४, ६-२ असं हरवलं. कुझ्नेत्सोव्हा तेव्हा अमेरिकन ओपनची विजेती होती. त्याच्या आदल्याच महिन्यात हैदराबादला अलोना बोंदारेन्कोला हरवून सानियानं डब्ल्यूटीएचं, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक टेनिसमधलं, एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं, तेही भारतीय बाईचं पहिलंच. हे सगळं त्या एका फटक्याच्या जोरावर झालं. भारतीय माणसाच्या हातून इतका कडक फोरहँड जगानं पाहिलेला नव्हता. समोरच्या खेळाडूला आपण भिऊ शकतो एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ती आपल्याला भिते आहे, आपल्या माणसाला चेंडू कुठं द्यायचा नाही याचा विचार करते आहे, हे सुख नवीन होतं.

आता दुसऱ्या सर्व्हिसकडे येते. पहिली सर्व्हिस बाहेर गेली की दुसरी आत पडायलाच हवी, नाहीतर गुण गेला. म्हणून तिच्यात जोर कमी आणि फिरकी जास्त असावी लागते. चेंडू नेटवरून चांगला उंच जावा, खाली झपकन उतरावा, टप्पा पडल्यावर समोरच्याच्या खांद्यापर्यंत उसळावा. सानियाची दुसरी सर्व्हिस उसळायची नाही. ती चौकोनाच्या मधोमध पडून कमरेच्या उंचीवर, हातात दिल्यासारखी यायची. वरच्या दर्जाच्या खेळाडू दोन पावलं आत येऊन उभ्या राहायच्या आणि तिथूनच झोडायच्या. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये ती चौथ्या फेरीपर्यंत गेली, मारिओन बार्तोलीला हरवून. तिथं पहिलं मानांकन असलेल्या मारिया शारापोव्हानं तिला २-६, १-६ असं उडवलं. त्या सामन्यानंतर आमच्या सोसायटीतल्या वॉचमननंही मला दुसऱ्या सर्व्हिसबद्दल विचारलं होतं.

मला ती सगळी चर्चा आज इतकी मोलाची का वाटते ते सांगते. त्याच महिन्यांत या मुलीबद्दल दुसऱ्याही गोष्टी बोलल्या जात होत्या. तिच्या स्कर्टच्या लांबीवर काही धर्मगुरूंनी आक्षेप घेतला. टीव्हीवर त्यावर तास तास चर्चा झडल्या. तिच्या टी-शर्टवर काय लिहिलंय, तिच्या नाकातली नथनी, ती कुणाशी लग्न करणार. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला देशानं असं चहूबाजूंनी घेरलं होतं. मी तिच्याहून फार मोठी नव्हते. घरातून बाहेर पडताना ओढणी नीट आहे का हे मलाही विचारलं जायचं, त्यामुळे ते सगळं बघताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या गदारोळात जी माणसं तिच्या टॉसबद्दल भांडत होती, सर्व्हिससाठी सानिया चेंडू वर फेकताना फार पुढे टाकते की फार डावीकडे यावर तावातावानं बोलत होती, ती तिला खेळाडू मानत होती. काकांनी तिच्या कपड्यांबद्दल एका शब्दानंही कधी काही म्हटलं नाही. ते फक्त तिच्या पायांच्या हालचालीवर टीका करायचे. मी त्यांच्याशी कितीही भांडले तरी त्यांच्याच शेजारी बसून सामने बघायचे, ते यामुळेच.

२००६ च्या सप्टेंबरात तर दोन्ही बाजूंना आठवड्याभरात दारूगोळा मिळाला. कोलकात्याच्या सनफीस्ट ओपनच्या उपांत्य सामन्यात मार्टिना हिंगिसनं सानियाला ६-१, ६-० असं नुसतं नाचवलं. हिंगिस म्हणजे काकांचं दैवत. अंगात फारशी ताकद नाही, पण कोर्टचा प्रत्येक कोन पाठ. सोळाव्या वर्षी जगात पहिली झालेली. ‘बघ, याला टेनिस म्हणतात,’ काका म्हणाले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्याच आठवड्यात सोलला या दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. सानियानं पहिला सेट गमावला, दुसरा ६-० जिंकला आणि तिसरा ६-४. सामना आपल्याकडे दिसला नाही, निकाल वर्तमानपत्रात वाचला. मी ते पान काकांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

यातली खरी सानिया कोणती, असा प्रश्न मग सगळेच विचारू लागले. माझ्या मते त्या प्रश्नातच गफलत होती. जी खेळाडू प्रत्येक चेंडूवर सगळं पणाला लावते तिच्या खेळात असे दोन टोकांचे दिवस असणारच. रेषेच्या चार बोटं आत पडणारा चेंडू दुसऱ्या दिवशी चार बोटं बाहेर पडतो. तिनं सावध खेळावं, चेंडू आत ठेवत राहावा, वाट बघावी, असं सुचवणारे पुष्कळ होते. पण तशा खेळाला लागतात ते पाय तिच्याकडे नव्हते. लांबलचक रॅलीत ती पाचव्या-सहाव्या फटक्याला मागे पडायची. म्हणजे हल्ला हा तिचा निव्वळ स्वभाव नव्हता, तिच्या शरीराला परवडणारा तो एकमेव रस्ता होता. हे तिनं फार लवकर ओळखलं होतं आणि अख्खा देश सल्ले देत असताना ती त्यावर ठाम राहिली.

२००७ च्या उन्हाळ्यात हे सगळं जुळून आलं. स्टॅनफर्डला अंतिम फेरी आणि ऑगस्टच्या शेवटी जागतिक क्रमवारीत सत्ताविसावं स्थान. एकेरीत तिथं दुसरी भारतीय बाई अजून पोचलेली नाही. सर्व्हिसही तोवर सुधारली होती. बिनतोड नव्हती झाली, पण पूर्वीसारखी आयती मिळत नव्हती. आणि मग २००८ मध्ये उजवं मनगट गेलं. शस्त्रक्रिया झाली. पुढे गुडघ्यांच्याही झाल्या. ज्या मनगटाच्या लवचिकतेतून तो फोरहँड निघत होता तेच मनगट दुखावलं, याचं मला वाईट वाटलं ते अजून ओसरलेलं नाही. मनगट बरं झालं, ती परतली, पण एकेरीत त्या उंचीवर ती पुन्हा गेली नाही. २०१३ पासून तिनं एकेरी सोडली आणि फक्त दुहेरी खेळायला लागली.

तेव्हा आपल्याकडे कसा सूर निघाला होता आठवा. ‘संपली.’ ‘आता काय, दुहेरी.’ दुहेरी म्हणजे जणू पेन्शन! या शब्दांचा मला मनापासून राग येतो. एकेरीत जमलं नाही म्हणून माणूस दुहेरीत जातो, हा समज ज्यांनी दुहेरीचा सामना कोर्टालगत बसून पाहिलाय त्यांचा राहू शकत नाही. चार माणसं नेटच्या दोन्ही अंगांना, कोर्ट रुंदीला नऊ फुटांनी जास्त, आणि चेंडू इतक्या वेगानं हातघाईवर येतो की विचाराला जागाच नसते. तिथं प्रत्येक रिटर्न, म्हणजे सर्व्हिस परतवणारा फटका, नेटजवळ टपून बसलेल्या खेळाडूला चुकवून, खाली, तिच्या पायाशी मारावा लागतो. छातीच्या उंचीवर गेला की मेलात.

आता सानियाचा खेळ या कोर्टवर ठेवून बघा. पळायचं अर्धं कोर्ट. सर्व्हिस करताना जोडीदार नेटवर उभी, त्यामुळे समोरचीला दुसऱ्या सर्व्हिसवरही मनमुराद झोडता येत नाही, नेटवरचीला टाळायचा विचार करावा लागतो. आणि दुहेरीत प्रत्येकजण समोरून आलेली सर्व्हिस एकाच ठरलेल्या बाजूनं परतवतो. सानियानं उजवी बाजू घेतली. तिथं तिच्या फोरहँडच्या वाटेला येईल अशी सर्व्हिस करायला मोठमोठ्या खेळाडू कचरायच्या. ज्या तीन गोष्टींवरून आम्ही दहा वर्षं भांडलो त्यांतल्या दोन इथं बोथट झाल्या आणि तिसरीची धार दुप्पट झाली. पण हे आपोआप झालं असं कुणी म्हणू नये. बेसलाइनवर वाढलेल्या मुलीला नेटवर उभं राहायला शिकावं लागलं. व्हॉली म्हणजे टप्पा पडू न देता मारलेला फटका. २००९ मधल्या तिच्या व्हॉली आणि २०१४ मधल्या तिच्या व्हॉली बघा. रॅकेटचं डोकं वर, हाताचा झटका नाही, पाऊल पुढे. त्या वर्षी सिंगापूरला तिनं झिंबाब्वेच्या कारा ब्लॅकबरोबर वर्षअखेरची डब्ल्यूटीए फायनल्स ६-१, ६-० अशी जिंकली. सुधारणा म्हणतात ती हीच. तिची चर्चा मात्र आपल्याकडे कट्ट्यावर झाली नाही, कारण कट्ट्याचं लक्ष तोवर उडालं होतं.

आणि २०१५ च्या मार्चमध्ये तिनं जोडीला घेतली ती मार्टिना हिंगिस.

मी काकांना फोन केला तर ते आधीच ऐकून होते. इतके खुश की शब्द सापडेनात. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन, लागोपाठ तीन स्पर्धा या दोघींनी घेतल्या आणि १३ एप्रिलला सानिया दुहेरीच्या क्रमवारीत जगात पहिली झाली. मागून सानिया तोफ डागायची, समोरची कसाबसा चेंडू उचलून द्यायची, आणि नेटवर हिंगिस तो कुठं येणार हे ठाऊक असल्यासारखी आधीच उभी असायची. काका ज्याला टेनिस म्हणायचे ते आणि मी ज्याला म्हणायचे ते, एकाच बाजूच्या कोर्टवर.

११ जुलैचा विम्बल्डनचा अंतिम सामना आम्ही एकत्र पाहिला. मकारोव्हा आणि व्हेस्निना या रशियन जोडीनं पहिला सेट ७-५ घेतला. दुसरा या दोघींनी टायब्रेकरवर ओढून आणला. तिसऱ्यात २-५. काकांनी चष्मा काढून ठेवला होता. तिथून या दोघी गेममागून गेम चढत ५-५ वर आल्या आणि अंधारून आलं म्हणून सेंटर कोर्टचं छत बंद करायला घेतलं. थांबलेल्या त्या वेळात काका मला काय म्हणाले असतील? ‘सानियानं आता दुसऱ्या सर्व्हिसवर घाई करू नये.’ दहा वर्षांनी, विम्बल्डनच्या फायनलच्या तिसऱ्या सेटमध्ये! छताखाली दिवे लागले, खेळ सुरू झाला आणि ७-५ नं सामना जिंकून दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. महिला दुहेरीतलं सानियाचं ते पहिलं ग्रँडस्लॅम. त्याच वर्षी अमेरिकन ओपन, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन. त्या काळात सलग एकेचाळीस सामने त्या हरल्याच नाहीत. मिश्र दुहेरीतली तीन धरून सानियाच्या खात्यावर सहा ग्रँडस्लॅम विजेतेपदं आहेत.

सर्व्हिस सुधारली असती तर ती एकेरीत पहिल्या दहांत गेली असती का, असं अजून कुणी ना कुणी विचारतं. गेलीही असती. पण या प्रश्नात एक गोष्ट आपण विसरतो. सगळ्या उणिवा भरून काढून सारखी गुळगुळीत झालेली खेळाडू निराळी असते आणि आपल्या एका हत्याराला पुरेल असं मैदान शोधून तिथं जगात पहिली होणारी निराळी. दुसरीला पहिलीपेक्षा कमी लेखायची आपली सवय जावी असं मला फार वाटतं. आपल्या ऋतुजा भोसलेनं २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. पहिला सेट २-६ गमावून, दुसरा ६-३, आणि सुपर टायब्रेकर १०-४. महाराष्ट्राच्या मुलीनं टेनिसमध्ये मिळवलेलं एवढं मोठं यश, आणि त्यावर पुण्यातही म्हणावी तशी चर्चा झाली नाही. तिच्या रिटर्नबद्दल कुणी भांडलं नाही. मला ते खटकलं.

म्हणूनच २०२५ च्या एप्रिलमध्ये म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कप या महिलांच्या देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेचे सामने झाले तेव्हा मला बरं वाटलं. हैदराबादचीच आणखी एक मुलगी, श्रीवल्ली भामिडीपाटी, उंचपुरी, चेंडूवर तुटून पडणारी, एकेरीचे आपले सगळे सामने जिंकत होती. माझ्या मागच्या रांगेत एक वडील आणि शाळकरी मुलगी बसले होते. श्रीवल्लीनं बॅकहँड रेषेवरून मारायला हवा होता की तिरका, यावर दोघांचं मिटत नव्हतं. मुलगी म्हणत होती, ‘बाबा, तिला तिथून तिरकाच बसतो, तुम्ही तिचे पाय बघा ना.’ वडील ऐकायला तयार नव्हते. मग मीही मागे वळले आणि मुलीच्या बाजूनं बोलायला लागले.